लग्नघर – भाग ७ : पाहुण्यांनी काय घालावे?

गेल्या आठवड्यात आपण लग्नपत्रिका कशी वाचायची ते पाहिले. कपडेही त्याच पत्रिकेवरून ठरवावेत. हळद, सीमांतपूजन, मुहूर्त, स्वागत समारंभ, या प्रत्येक वेळी पाहुण्याचे काम वेगळे असते आणि कपडे त्या कामाला सोयीचे हवेत.

हळदीला धुता येतील असे सुती कपडे घाला. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो. तेव्हा घाबरू नका. कपडा खळखळून धुऊन कडक उन्हात वाळत घातला की डाग बराच फिकट होतो. रेशमावर हा उपाय चालत नाही, म्हणून ठेवणीतली साडी त्या दिवशी कपाटातच बरी.

मुहूर्ताला मात्र ती जरूर नेसा. पैठणी, नारायणपेठ, इरकल, काठापदराची कुठलीही साडी मांडवात शोभते. हातमागावरची पैठणी ओळखायची तर पदर उलटून पाहा. मोर, वेल, कमळ मागच्या बाजूनेही तितकेच नेटके दिसतात, लोंबते धागे नसतात. अत्तर साडी नेसण्याआधी अंगाला लावा. कपड्यावर उडवले तर जर काळवंडते. नऊवारीची सवय नसेल तर पाचवारीच नेसा, कारण मंगलाष्टकांना उभे राहायचे, अक्षता टाकायच्या आणि पंगतीत मांडी घालून बसायचे असते. होमाजवळ बसणाऱ्यांनी नायलॉनची किंवा जॉर्जेटची ओढणी नीट खोचून घ्यावी.

पुरुषांना कुर्ता-पायजमा किंवा धोतर, वर जाकीट पुरते. यजमानांनी फेटे बांधणारा बोलावला असेल तर आनंदाने बांधून घ्या. तो मानाचा भाग आहे. मांडवात शिरताना पादत्राणे काढावी लागतात, म्हणून बुटांपेक्षा कोल्हापुरी चप्पल सोयीची.

रंगांचे म्हणाल तर संक्रांतीला कौतुकाने नेसली जाणारी काळी चंद्रकळा मुहूर्ताला टाळतात. संपूर्ण पांढरेही नको. जरीच्या काठाचे मोतिया रंगाचे रेशीम चालते. अनेक घरांत नवरी मुहूर्ताला पिवळी अष्टपुत्री नेसते, तेव्हा तसा पिवळा रंग तिच्यासाठी राखून ठेवावा. मुंडावळ्या तर फक्त वधूवरांच्याच. हिरव्या बांगड्यांना मात्र आडकाठी नाही. चुडा भरायला कासार आला की घरच्या बायकांबरोबर पाहुण्या बायकांचेही हात भरले जातात.

यासाठी नवे कपडे घेण्याची मुळीच गरज नाही. आईची किंवा सासूबाईंची जुनी पैठणी, वडिलांचे उपरणे मांडवात नव्या कपड्यांइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, मानाचे ठरते. कपड्यांच्या खर्चापायी कुणी लग्नाला जायचे टाळू नये. यजमानांनी बोलावलेले असते ते आपल्याला, आपल्या अक्षतांसाठी. स्वच्छ, इस्त्री केलेले, आनंदाच्या रंगाचे कपडे घालून वेळेवर पोहोचलात की त्यांचा मान राखला गेला.

पुढच्या आठवड्यात : आहेर, काय द्यावा आणि कधी द्यावा.