मापात उतरलेली वाहने : लघुप्रतिकृतींचा छंद आणि आपल्या गाड्यांचा इतिहास

आडत बाजारात, कापडाच्या दुकानात, किराण्याच्या गोदामात ‘टेम्पो आला का?’ हा प्रश्न दिवसातून अनेकदा विचारला जातो. मालवाहू गाडीसाठी मराठीने स्वीकारलेला हा शब्द मुळात हॅम्बुर्ग येथील ‘विडाल’ या जर्मन कंपनीच्या वाहनांचे व्यापारी नाव होते. त्या कंपनीच्या सहकार्याने १९५८ मध्ये ‘बजाज टेम्पो’ (आजची ‘फोर्स मोटर्स’) ही कंपनी उभी राहिली आणि तिच्या उभारणीत नगरच्या फिरोदिया घराण्यातील नवलमल फिरोदिया अग्रभागी होते. त्यांचे वडील कुंदनमल फिरोदिया हे नगरचे वकील, स्वातंत्र्यसैनिक आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. नवलमल यांचे बंधू हस्तीमल यांनी ‘किनेटिक इंजिनिअरिंग’ उभारली आणि १९७२ मध्ये ‘लूना’ रस्त्यावर आणली. अहिल्यानगरच्या कारखान्यात घडलेली ही छोटी दुचाकी पुढे महाराष्ट्रातील असंख्य दुकानांच्या दारात उभी राहिली.

ज्या वाहनांवर दोन पिढ्यांचा व्यापार चालला, ती वाहने आज कोठे आहेत? तीन चाकांचा ‘हॅन्सिएट’ टेम्पो आता रस्त्यावर सहसा आढळत नाही. मॅटाडोर क्वचित दिसते. मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सीसेवेतून कायमची बाहेर पडली. घरातील जुन्या वह्या, सोने, भांडी जपली जातात, परंतु गाडी भंगारात जाते आणि तिच्याबरोबर तिचा आकारही स्मरणातून पुसला जातो. तो आकार मापासह टिकवून ठेवणारा एक छंद आहे. वाहनांच्या प्रमाणबद्ध लघुप्रतिकृती घडविण्याचा हा छंद घरातल्या साध्या टेबलावर करता येतो.

प्रमाणाचा हिशेब

खेळण्यातील गाडी आणि लघुप्रतिकृती यांत मूलभूत भेद आहे. खेळणे गाडीसारखे दिसले की पुरे. प्रतिकृतीत मात्र प्रत्येक माप मूळ गाडीच्या मापाला एकाच संख्येने भागून काढलेले असते. १:१२ म्हणजे मूळ एका फुटाला एक इंच, १:२४ म्हणजे एका फुटाला अर्धा इंच. धातूच्या तयार मोटारींत रूढ असलेले १:४३ हे प्रमाण विचित्र वाटते, पण त्याचे मूळ आगगाडीत आहे. ब्रिटनमधील एका जातीच्या खेळण्यातील रेल्वेत मूळ एका फुटाला ७ मिलिमीटर धरले जात. त्या रेल्वेच्या शेजारी शोभावीत म्हणून लिव्हरपूलच्या ‘मेकॅनो’ कंपनीने १९३० च्या दशकात ज्या मोटारी काढल्या, त्या पुढे ‘डिंकी टॉइज’ या नावाने जगभर पसरल्या.

पद्मिनीच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २३४० मिलिमीटर. १:२४ प्रमाणात ते साडेसत्त्याण्णव मिलिमीटर होते. येथे एका मिलिमीटरची चूक झाली, तर ती मूळ गाडीत २४ मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ एका इंचाची चूक ठरते. रंगाचा थर दशांश मिलिमीटर जाड झाला, तर खऱ्या गाडीवर अडीच मिलिमीटरचा लेप बसल्यासारखे दिसते, दारांच्या फटी बुजतात, अक्षरे पुसट होतात. नऊशे किलोची गाडी त्याच धातूंत, त्याच जाडीच्या प्रमाणात चोवीस पटींनी लहान केली, तर तिचे वजन जेमतेम पासष्ट ग्रॅम भरेल, कारण लांबी, रुंदी व उंची तिन्ही चोवीस पटींनी घटतात. प्रमाण शिकवायला याहून सोपा धडा क्वचितच सापडेल.

तयार किटमधून गाडी घडवताना

प्लास्टिकच्या किटमध्ये गाडीचे सुटे भाग एका चौकटीला जोडलेले येतात. ते ओढून तोडायचे नसतात. बारीक पक्कडीने थोडे अंतर राखून कापायचे, उरलेला ठिपका धारदार पात्याने काढायचा आणि मग पॉलिश पेपरने साफ करायचा. जोडण्यापूर्वी प्रत्येक भाग गोंद न लावता बसवून पाहणे हा या कामाचा पहिला नियम. प्लास्टिकचा विशेष गोंद दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवून एकजीव करतो, म्हणून तो थेंबभरच लागतो. झटपट चिकटणारा गोंद काचेच्या भागांजवळ वापरू नये, कारण त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी साय धरते.

सांधे पुट्टीने भरून घासल्यावर प्रायमरचा हात द्यायचा. प्रायमर एकसारखा करडा असल्याने, न दिसलेले ओरखडे लगेच उघडे पडतात. ताळेबंद तयार करताना न जुळणारी रक्कम वर यावी, तसे हे आहे. चूक तेथेच दुरुस्त केली तर निभावते, रंगाखाली दडपली तर शेवटी दुप्पट होऊन दिसते. त्यानंतर रंगाचे तीन-चार पातळ हात, प्रत्येकामध्ये पुरेसा वाळवणीचा वेळ, वर पारदर्शक लेप आणि अखेरीस अतिबारीक पॉलिश पेपरने चकाकी. या छंदातील बहुतेक नुकसान घाईने होते.

नगर जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेत असल्याने येथील कोरडी हवा रंगकामाला पोषक आहे. पावसाळी दमट दिवशी लॅकरच्या रंगावर दुधाळ छटा येते, ती अडचण येथे वर्षातील थोडेच दिवस भेडसावते. उन्हाळ्यातील धूळ मात्र ओल्या रंगाची वैरीण. रंग दिलेला भाग लगेच स्वच्छ डब्याखाली झाकून ठेवणे हा तिच्यावरचा सोपा उपाय. रंग उघड्या खिडकीपाशीच द्यावा, घासताना मुखपट्टी लावावी आणि मुलांच्या हाती पाते देताना वडीलधाऱ्यांनी शेजारी बसावे. ब्रशांबाबत जैन कुटुंबांनी एक गोष्ट आवर्जून पाहावी. महागडे पारंपरिक ब्रश प्राण्यांच्या केसांचे असतात. कृत्रिम तंतूंचे उत्तम ब्रश आता सहज मिळतात आणि प्लास्टिकच्या कामात ते कोठेही उणे पडत नाहीत.

बारकाव्यांचे मोल

किट जोडून झाले, की खरे काम सुरू होते. इंजिनात वायरी नसतात, त्या जुन्या चार्जरमधील केसाएवढ्या तांब्याच्या तारेतून येतात. सीटचा पट्टा रिबिनीच्या कडेतून निघतो. खिडकीभोवतीची चकचकीत पट्टी धातूच्या अतिपातळ पत्र्यातून कापून बसवली जाते. दार व बॉनेट यांच्या रेषांत अतिशय पातळ केलेला गडद रंग सोडला, की त्या उठून दिसतात. मालवाहू गाडीवरची ताडपत्री पातळ कागद पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून घडते. दोरीसाठी सुतळीतला एक धागा पुरतो.

बारकावे भरायचे, तर आधी ते पाहावे लागतात. जपानमधील शिझुओका शहरातील ‘तामिया’ कंपनीचा दाखला या क्षेत्रात आदराने दिला जातो. १९४६ मध्ये लाकडाच्या व्यवसायातून सुरू झालेल्या या कंपनीने पोर्शे ९३४ चे १:१२ प्रमाणातील किट करताना खरी पोर्शे विकत घेतली आणि तिचे भाग सुटे करून अभ्यासले. वीतभर-दीड वीत लांबीच्या वस्तूसाठी अख्खी मोटार उलगडणे व्यापारी दृष्टीने उधळपट्टी वाटेल. त्या किटची प्रतिष्ठा मात्र त्याच अभ्यासातून आली.

अशी पाहण्याची सवय लावण्यासाठी नगरकरांना दूर जावे लागत नाही. चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राने फेब्रुवारी १९९४ मध्ये स्थापन केलेले रणगाडा संग्रहालय शहरातच आहे. तेथील सर्वांत जुन्या वाहनांत ‘रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट’च्या सांगाड्यावर उभारलेली चिलखती मोटार आहे. श्रीमंतांसाठी बनलेल्या मोटारीवर पोलादी कवच चढले, की तिचे रूप किती पालटते, हे तेथे प्रत्यक्ष दिसते. मुलांना घेऊन गेल्यास नुसते पाहून परतू नये. त्यांच्या हाती वही-पेन्सिल द्यावी. एका बाजूला रिव्हेट किती, चाकाला आरे किती, दाराचे बिजागर आत की बाहेर, एवढे प्रश्न पुरेत. पाहणे आणि निरखणे यांतला फरक मुलांना तेथेच कळेल.

आपल्या गाड्यांचे किट कोठे आहे?

बाजारातील बहुतेक किट जपानी, युरोपीय आणि अमेरिकन गाड्यांची असतात. ज्या देशांनी आपल्या मोटारींची मापे जपली, त्यांच्या मोटारी मुलांच्या हातांत पोहोचल्या. आपल्याकडची कथाही कमी मोलाची नाही. शेजारच्या सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेले वालचंद हिराचंद हे जैन व्यापारी घराण्यातले. परकीय राजवटीत जहाज आणि विमानउद्योगात उतरलेल्या या उद्योजकाने १९४४ मध्ये ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ स्थापन केली. पुढे फियाटच्या सहकार्याने तेथे मोटारी बनल्या आणि वालचंदांच्या पश्चात त्याच परंपरेतून पद्मिनी आली. फिरोदियांचा टेम्पो, मॅटाडोर आणि लूना ही त्याच कथेची पुढील पाने आहेत.

ही वाहने प्रतिकृतीत आणायची, तर बहुधा शून्यातून सुरुवात करावी लागते. पद्मिनीसाठी मूळ इटालियन फियाट ११०० चे लहान मॉडेल मिळाल्यास ग्रिल, बंपर व रंग बदलून काम साधते. हॅन्सिएटसाठी मात्र प्लास्टिकचे पातळ पत्रे, पुठ्ठा आणि मोजपट्टी हेच भांडवल. पुढे पसरलेले नाक, त्याखाली एकुलते चाक, मागे हौदा आणि खाली पाडता येणारा फाळका, असा हा घाट. नवशिक्यालाही तो पेलतो, कारण हौदा म्हणजे अखेर सरळ रेषांची पेटी. लूनासाठी १:१२ प्रमाण सोयीचे, कारण त्याहून लहान चाकात आरे ओवणे कठीण जाते.

याची पहिली पायरी दुकानामागे किंवा गावच्या वाड्यात उभ्या असलेल्या जुन्या गाडीपाशी आहे. मालकाच्या संमतीने चारही बाजूंनी सरळ समोरून छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक छायाचित्रात मोजपट्टी दिसू द्यावी. एकूण लांबी, रुंदी, उंची, चाकांतील अंतर, चाकाचा व्यास, काचेची उंची ही मापे वहीत उतरवावीत. दारावर रंगवलेले दुकानाचे नाव, पाटीवरील ‘एमएच १६’, फाळक्यावरची नक्षी यांचीही नोंद घ्यावी. जुन्या लग्नातील छायाचित्रांत मागे उभी असलेली गाडी अनेकदा हरवलेला रंग सांगून जाते. ज्येष्ठांना ही छायाचित्रे दाखवली, तर गाडी कधी घेतली, कर्ज कोणी दिले, पहिला माल कोणता गेला, हेही बाहेर येते. मग प्रतिकृतीबरोबर घराण्याच्या व्यवसायाचा एक अध्याय लिहून होतो.

खर्चाची मर्यादा

या छंदात एक ज्ञात दोष आहे. किट जोडण्यापेक्षा किट विकत घेणे सोपे असते. न उघडलेल्या खोक्यांचा ढीग वाढतो आणि छंदाचे रूपांतर पडून राहिलेल्या मालात होते. दुकानात ज्याला अडकलेले भांडवल म्हणतात, ते घरात आनंद म्हणून चालत नाही. हातातले एक पूर्ण झाल्याशिवाय दुसरे घ्यायचे नाही, हा नियम पुरेसा आहे. अपरिग्रहाचे संस्कार असलेल्या घरांना तो वेगळा शिकवावा लागणार नाही. आरंभी पक्कड, पाते, पॉलिश पेपर, गोंद, दोन ब्रश आणि चार रंग एवढेच लागते. रंग फवारण्याचे यंत्र वर्षभराने घेतले तरी चालते.

व्यापारी घरातील मुलाला व्यवहार लवकर कळतो, परंतु हाताने वस्तू घडविण्याची संधी त्याला फारशी मिळत नाही. एका बैठकीत न संपणारे, चुकले तर पुन्हा घासावे लागणारे आणि पूर्ण झाल्यावर विकायचे नसलेले असे एखादे काम त्याच्या वाट्याला यायला हवे. आजोबांची मापे, नातवाची बोटे आणि रविवारची दुपार एवढी सामग्री प्रत्येक घरात आहे. गोदामामागची ती गाडी भंगारवाल्याने नेण्यापूर्वी तिची मापे तेवढी वहीत उतरली पाहिजेत.