मिश्रधातूंची प्राथमिक ओळख
घटकप्रमाण माहीत नसलेला धातूचा तुकडा कोणत्या वर्गातील आहे, हे रासायनिक विश्लेषणाशिवाय साध्या कसोट्यांनी ठरविण्याची रीत. सोलापूर जिल्ह्यात भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाकाठच्या गावांतील उसाची शेती पाणी उपसणाऱ्या पंपांवर अवलंबून असते. अशा पंपाचा दंड किंवा बुश घरगुती लेथवर भंगारातून घडविताना धातूची ओळख महत्त्वाची ठरते. मृदू पोलादाचा दंड भाराखाली वाकू शकतो. जास्त कार्बन असलेले पोलाद योग्य काळजी न घेता वितळजोड केल्यास जोडाजवळ तडकते.

प्रथम रंग व वजन पहावे. तुकड्याच्या हवेतील वजनाला, तो पाण्यात बुडविल्यावर घटणाऱ्या वजनाने भागले असता सापेक्ष घनता मिळते. ती मॅग्नेशियमाची १·७४, ॲल्युमिनियमाची २·७, बिडाची सु. ७·२, पोलादाची सु. ७·८५, पितळेची सु. ८·५ व शिशाची ११·३ असते.

लोहचुंबकाकडे ओढला जाणारा तुकडा बहुधा पोलाद किंवा बीड असतो. सु. १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेले अगंज पोलाद सामान्यतः ओढले जात नाही. मात्र थंड स्थितीत वाकविल्यास किंवा ताणल्यास त्यात थोडे चुंबकत्व येते. घासून स्वच्छ केलेल्या पृष्ठावर मोरचुदाच्या विद्रावाचा थेंब टाकल्यास साध्या पोलादावर तांब्याचा पातळ थर बसतो. अगंज पोलादावर तो बसत नाही. बोर्डो मिश्रणासाठी लागणारे मोरचूद द्राक्ष-डाळिंबाच्या बागाइतदाराकडे सहज मिळते.

शाणचाकावर धरल्यास कमी कार्बनी पोलादाच्या ठिणग्या लांब असून त्यांना फाटे थोडे फुटतात. कार्बन वाढेल तसे फाटे दाट होतात. बिडाच्या ठिणग्या आखूड व तांबूस, तर टंगस्टनयुक्त उच्च वेगी पोलादाच्या मंद तांबड्या व जवळजवळ बिनफाट्याच्या असतात. ज्ञात नमुन्याच्या ठिणग्यांशी तुलना केल्याखेरीज निष्कर्ष काढू नये. पितळ, तांबे व ॲल्युमिनियम यांच्या ठिणग्या उडत नाहीत. त्यांनी चाक मात्र भरून येते, म्हणून ते त्यावर धरू नयेत. लेथवर बिडाचा कीस भुकटीसारखा, तर मृदू पोलादाचा लांब वेटोळ्यांचा निघतो. लहान तुकडा लालभडक तापवून पाण्यात बुडविल्यावर त्यावर कानस घसरू लागली, तर कार्बन पुरेसा आहे असे समजावे.

काही धातू धोक्याचे असतात. मॅग्नेशियमाचा कीस पेट घेतो व त्या आगीवर पाणी टाकल्यास ती भडकते. म्हणून फार हलक्या तुकड्यावर आधी शिरक्याचा थेंब टाकावा. मॅग्नेशियमावर लगेच बुडबुडे येतात, ॲल्युमिनियमावर येत नाहीत. जस्तलेपित पत्रा तापविल्यास निघणारा धूर आणि बेरिलियमयुक्त तांब्याची धूळ आरोग्यास अपायकारक आहेत.

कोणतीही एक कसोटी निर्णायक नसते. दोन-तीन कसोट्यांचे निष्कर्ष जुळले, तरी त्यांवरून धातूचा वर्ग कळतो, नेमकी प्रत नव्हे. क्ष-किरणांवर चालणारे हातात धरण्याजोगे विश्लेषकही पोलादातील कार्बन मोजू शकत नाही. त्यासाठी वर्णपटीय परीक्षणासारखी वेगळी रीत वापरावी लागते. म्हणून ज्या भागाच्या मोडण्याने माणसास इजा होईल, तो भंगारातून न घडविता प्रमाणित गजापासूनच करणे इष्ट असते.