पाण्यात पडलात? हात खाली ठेवा!

पाऊस सुरू झाला की ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, 'कुठे जायचं?' मग भुशी डॅम, देवकुंड, नाहीतर गावाजवळचा एखादा तलाव ठरतो. आणि दर पावसाळ्यात अशाच कुठल्या तरी ठिकाणी कॉलेजची मुलं बुडाल्याची बातमी येते. 'नशीब' म्हणून आपण ती सोडून देतो. पण माणूस तरंगतो की बुडतो, यात नशिबापेक्षा घनतेचा हात मोठा असतो.

नियम शाळेतलाच आहे. वस्तूची सरासरी घनता पाण्यापेक्षा कमी असेल तर ती तरंगते, जास्त असेल तर बुडते. लोखंडी खिळा बुडतो, पण हजारो टनांचं जहाज तरंगतं. कारण जहाज आतून पोकळ असतं. लोखंड आणि आतली हवा मिळून सरासरी काढली की ती पाण्याखाली येते.

काठावर पास!

आता माणसाचं गणित करू. वस्तूचा जितके लिटर भाग पाण्यात, साधारण तितके किलो वजन गोडं पाणी उचलून धरतं. ६० किलोच्या माणसाने छाती भरून श्वास घेतला, तर त्याचं आकारमान साधारण ६१ लिटर होतं. म्हणजे तरंगायला ६० लिटर पाण्यात पुरतात आणि एक लिटरभर भाग बाहेर राहतो. मान मागे टाकली, तर नाक-तोंड बाहेर ठेवायला तेवढा पुरतो. पण सगळा श्वास सोडला की आकारमान ५७-५८ लिटरवर येतं आणि तोच माणूस खाली जायला लागतो.

यात थोडा फरक माणसागणिक पडतो. चरबी पाण्यापेक्षा हलकी, स्नायू आणि हाडं जड. त्यामुळे जिममध्ये कमावलेली बॉडी तरंगण्याच्या बाबतीत उलट तोट्याचीच!

घाबरलेला माणूस काय करतो? 'वाचवा' म्हणून ओरडतो आणि दोन्ही हात वर करतो. ओरडताना छातीतली हवा जाते. एकेक हात साधारण तीन किलोचा. दोन्ही हात बाहेर काढले की सहा किलोचा भार वाढतो, आणि आपल्याकडे सवलत होती फक्त एका लिटरची! हात वर गेले की डोकं खाली जाणारच.

फेसाळ पाणी फसवं

समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. म्हणून तिथे ६० किलोच्या माणसाला दीड किलो जास्त आधार मिळतो. अलिबागला तरंगता आलं म्हणून धरणातही तितकंच सोपं जाईल, असं धरून चालू नका. धबधब्याच्या खाली तर प्रकरण आणखी वेगळं. तो पांढरा फेस म्हणजे पाण्यात मिसळलेली हवा. पाण्यात २० टक्के हवा असेल, तर एक लिटर मिश्रण फक्त ८०० ग्रॅम भरतं. अशा पाण्यात पट्टीचा पोहणाराही वर राहू शकत नाही. रीलसाठी सगळ्यात भारी दिसणारी जागा नेमकी हीच असते.

मग करायचं काय?

ब्रिटनमधली आरएनएलआय ही समुद्रात जीव वाचवणारी संस्था 'फ्लोट टू लिव्ह' नावाची मोहीम चालवते. त्यांचा सल्ला याच गणिताशी जुळतो:

• पाण्यात पडलात तर हातपाय झाडू नका. डोकं मागे टाका, कान पाण्यात जाऊ द्या.
• हात पाण्यातच ठेवून हलके हलवा, श्वास ताब्यात आणा. मदतीची हाक त्यानंतर.

मित्र बुडत असेल तर त्याच्यामागे उडी मारू नका. एकाला वाचवायला दुसरा गेला आणि दोघंही गेले, असं वारंवार घडतं. पाच लिटरचा रिकामा कॅन घट्ट झाकण लावून त्याच्याकडे फेका. तो जवळपास पाच किलोचा आधार देतो, म्हणजे साधारण एका डोक्याच्या वजनाइतका. आत थोडं पाणी ठेवलं तर कॅन लांब जातो. दोर असेल तर आधी बांधा, आणि ११२ला फोन करा.

लाइफ जॅकेटही हेच काम करतं. वजन फारसं न वाढवता आकारमान वाढवतं. मात्र प्रवाहाला ओढ असेल, तर यातलं कुठलंच गणित भरवशाचं नाही. तिथे पाण्यात उतरायचंच नाही. यंदाच्या ट्रिपच्या सामानात एक रिकामा कॅन आणि दोर टाका. बॅगेला त्याचं ओझं होणार नाही.