ताट आपले, कारभारही आपला

उत्सव संपून मंडपातली भांडी धुऊन झाली, की आपल्या गावांत एकच बोलणे सुरू होते. कोणाची साखर वाढली, कोणाच्या पायाची जखम भरत नाही. २०२१ च्या सरकारी पाहणीप्रमाणे मॉरिशसमधील दर पाच प्रौढांपैकी सुमारे एकाला मधुमेह आहे.

१९८७ साली सरकारने रेशनच्या तेलात पामऐवजी सोयाबीनचे तेल आणले. १९९२ च्या पाहणीत लोकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल बरेच उतरलेले दिसले. तेल हे त्याचे एक कारण होते. मधुमेह मात्र वाढतच राहिला. तेल सरकारने बदलले, पण ताटातला गोडवा आपणच कमी केला पाहिजे. त्यासाठी गावोगावी अन्न-आरोग्य संघ हवा, असे आम्हांला वाटते.

एकत्र येणे आपल्याला नवे नाही. १९१३ च्या कायद्याने येथे लहान ऊस शेतकऱ्यांच्या सहकारी पतपेढ्या निघाल्या. आज १९७८ च्या कायद्याप्रमाणे सात सभासद जमले, तर संस्थेची नोंदणी होऊ शकते. सात माणसे मिळतात. अवघड असते ते पुढचे.

आम्हीही एकदा आमच्या गावात सर्वांसाठी एकत्र भाजीखरेदी सुरू केली होती. हिशोब एकाच्याच वहीत राहिला. चोरी कोणीच केली नाही, पण संशय शिरला आणि सहा महिन्यांत काम बंद पडले. माणसे अजून एकमेकांशी मोकळेपणी बोलत नाहीत.

म्हणून नियम आधी लिहावेत. पदाधिकारी निवडून यावेत आणि ठराविक मुदतीनंतर बदलावेत. बँकेतून पैसे काढताना दोघांच्या सह्या असाव्यात. जमाखर्च दर महिन्याला बैठकेच्या भिंतीवर लावावा. दवाखान्यातील परिचारिकेचा सल्ला घ्यावा, निर्णय मात्र सभेने करावा.

आणि मुख्य गोष्ट : समितीत निम्म्या जागा स्त्रियांना द्याव्यात. आजवर कढईपाशी बहिणी आणि खुर्चीवर भाऊ, असेच चालले आहे. पुऱ्या किती तळायच्या, खिरीत साखर किती घालायची, हे जिच्या हाती असते तिलाच मत नसेल, तर ठराव कागदावरच राहील.

पुढच्या उत्सवाच्या जेवणापासून सुरुवात करू या. तळलेला एकच पदार्थ, गोड एकच. बाकी डाळ, कारले, शेवग्याचा पाला. बाप्पा रागावणार नाहीत. पंगतीतली माणसे मात्र आणखी काही वर्षे आपल्याबरोबर बसतील.