फिरंग : व्रण भरला, व्याधी उरली

अंधेरी ते मुलुंड, आपल्या वैद्यबंधूंपैकी कोणालाही गुह्यभागी व्रण असलेला रुग्ण अपरिचित नाही. (बोरिवलीचा रुग्ण ओळख टाळण्यासाठी घाटकोपर गाठतो, हेही आपण जाणतो.) असा व्रण वेदनारहित व कठीण असेल तर प्रथम फिरंगाची शंका घ्यावी. संसर्गानंतर साधारण ३ आठवड्यांनी तो उमटतो आणि ३ ते ६ आठवड्यांत उपचारांवाचूनही भरून येतो. घात येथेच होतो. रुग्ण लेपाला यश देतो, वैद्यही सुखावतो. जंतू मात्र शरीरात राहतो. पुढे तळहात-तळपायांवर पुरळ येतात, कित्येक वर्षांनी हृदय व मज्जासंस्थेची हानी होऊ शकते, गर्भवतीकडून गर्भास बाधा पोहोचते. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी ‘भावप्रकाशा’त फिरंगाचे बाह्य, आभ्यंतर व बहिरन्तर्भव असे भेद सांगितले, ते उगाच नव्हे.

आमचे मत स्पष्ट आहे. व्हीडीआरएल व एचआयव्ही तपासणीवाचून नुसत्या लेपावर रुग्णाची बोळवण करू नये. राजावाडी, कूपर यांसारख्या पालिका रुग्णालयांत ही सोय आहे. प्राथमिक अवस्थेत बेन्झाथीन पेनिसिलीनची २४ लाख युनिटांची एक मात्रा सामान्यतः पुरते. रसकर्पूराचा आग्रह आता धरू नये. जोडीदाराचीही तपासणी व उपचार व्हावेत, अन्यथा रोग त्याच घरात परत येतो. निरोधाने संसर्ग बराच टळतो. पण न झाकलेल्या त्वचेवरील व्रणातून तो होऊ शकतो, हे रुग्णास सांगावे. व्रण नवा असताना रक्ततपासणी निर्दोष येऊ शकते, म्हणून ती काही आठवड्यांनी पुन्हा करवावी.