राखेतल्या हाडांचे गाव कोणते?

इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात हीथ वूड नावाचे रान आहे. तेथे मातीचे 59 लहान उंचवटे आहेत. हे व्हायकिंगांचे दहनस्थळ. समुद्र ओलांडून आलेल्या व्हायकिंग फौजेने 873-74 चा हिवाळा जवळच्याच रेप्टन गावी काढला होता. 1998 ते 2000 या काळातील उत्खननात येथे माणसांच्या जळक्या हाडांबरोबर घोडा, कुत्रा आणि बहुधा डुक्कर यांचीही हाडे मिळाली.

मृताबरोबर जनावरे देण्याची चाल व्हायकिंगांमध्ये होतीच. नॉर्वेत गोकस्टाड येथे 1880 मध्ये खणून काढलेल्या जहाजातील दफनात घोडे, कुत्रे आणि चक्क मोरही होते! हीथ वूडचा प्रश्न मात्र वेगळा आहे. ही जनावरे मूळची कुठली? या फौजेने इंग्लंडमध्ये उतरल्यावर स्थानिक लोकांकडून घोडे मिळवले, असे अँग्लो-सॅक्सन इतिवृत्त सांगते. मग हा घोडा इंग्लंडचाच का?

याचे उत्तर स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याने दिले. खडकांतील रुबिडियम-87 हा किरणोत्सारी समस्थानिक अतिशय सावकाश स्ट्रॉन्शियम-87 मध्ये बदलतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे 4,900 कोटी वर्षे आहे. म्हणून ज्या प्रदेशातील खडक फार जुने आणि रुबिडियमयुक्त, तेथे स्ट्रॉन्शियम-86 च्या तुलनेत स्ट्रॉन्शियम-87 अधिक असते. खडकाची झीज होऊन माती बनते. मातीतून स्ट्रॉन्शियम गवतात आणि गवतातून घोड्यात जाते. रासायनिक दृष्ट्या ते कॅल्शियमचे भाऊबंद, त्यामुळे हाडात सहज जाऊन बसते. दोन्ही समस्थानिकांचे गुणोत्तर वाटेत जवळजवळ बदलत नाही.

पण हाडे तर जळालेली! गंमत अशी की, येथे आग उपयोगीच पडली. साधे हाड जमिनीत पुरले गेले की मातीतले स्ट्रॉन्शियम त्यात झिरपते. प्रखर आगीत मात्र हाडातील स्फटिकांची रचना बदलून घट्ट होते आणि मूळची नोंद टिकून राहते.

डरहॅम आणि ब्रुसेल्स येथील संशोधकांनी केलेले हे मोजमाप 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. तिन्ही जनावरांतील आणि एका प्रौढ व्यक्तीच्या हाडातील गुणोत्तर नॉर्वे, मध्य व उत्तर स्वीडन या अतिप्राचीन खडकांच्या प्रदेशाशी जुळले. हाडातील द्रव्य जिवंतपणी हळूहळू बदलत असते. तरीही मायदेशाची खूण शाबूत होती, म्हणजे इंग्लंडला पोचल्यावर थोड्याच काळात ही जनावरे मेली असावीत.

याचा अर्थ इतिवृत्त खोटे ठरले असा नाही. फौजेने घोडे तेथेही मिळवले असतील. पण निदान एक घोडा आणि एक कुत्रा उघड्या जहाजातून, माणसांना जेमतेम पुरणाऱ्या जागेत समुद्र ओलांडून आले. लुटीसाठी निघालेला माणूस इतकी यातायात नुसत्या ओझ्याच्या जनावरासाठी करील का? ते घोडा-कुत्रा कोणाचे तरी जिवाभावाचे असावेत. इतिवृत्त लिहिणाऱ्याला फौज दिसली. तिच्यातले हे नाते मात्र हाडांनी सांगितले.