रस्ट भाषा, प्रणालीतील लायब्ररी आणि मराठी अक्षरजोडणी

'दर्या' म्हणजे समुद्र; 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. रफार आणि अर्धा 'ऱ' यांसाठी फाँटमधील योग्य आकार निवडण्याचे काम लिनक्सच्या डेस्कटॉपवर सामान्यतः हार्फबझ ही सी++ भाषेतील लायब्ररी करते. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या रस्ट भाषेत डेस्कटॉपचा घटक रचताना ती नव्याने लिहावी लागत नाही; तिची सी-पद्धतीची फंक्शने घोषित केली की लिंकर जोडणी करतो. मात्र त्या फंक्शनांच्या अंतर्भागात रस्टच्या कंपायलरची स्मृतिसुरक्षा-तपासणी पोहोचत नाही. म्हणून 'अनसेफ' भाग लहानशा आवरणात मर्यादित ठेवावा. लिंकिंग शक्यतो डायनॅमिक असावे. प्रणालीतील लायब्ररी सुधारली की पुनर्बांधणीविना घटकालाही ती दुरुस्ती लाभते. भाषेच्या व्याकरणाइतकीच ही सीमाही विद्यार्थ्यांना शिकविणे आवश्यक आहे.